छातीपर्यंतची बिब की कमरेपर्यंतची स्की-पँट?

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी गुलमर्गला स्कीइंगचा 14 दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम केला. स्की आणि बूट संस्थेने दिले, जॅकेट त्यांचे स्वतःचे ट्रेकिंगचे होते आणि पँट मात्र बाजारातून दिवसाला 400 रुपये भाड्याने घेतली. ती "पहिल्या दोन तासांतच बैठकीला आणि गुडघ्यांना ओली व्हायची", असे त्या लिहितात. आता दरवर्षी सहा दिवस गुलमर्गला जायचे त्यांनी व त्यांच्या यजमानांनी ठरवले आहे. त्यांच्यासमोर दोन पर्याय आहेत: एका दुकानातील 9,000 रुपयांची साधी स्की-पँट, किंवा परदेशी माल मागवून देणाऱ्या विक्रेत्याकडील 22,000 रुपये "अधिक कर" अशी बिब, म्हणजे कारखान्यातील डांगरीसारखी छातीपर्यंत चढणारी आणि खांद्यांवर पट्टे असलेली पँट. बोनस हाती आलेला आहे, हौसेला मोल नसते असे यजमानांचे म्हणणे आहे, आणि तरीही हा उधळेपणा तर होत नाही ना, अशी शंका त्यांना आहे.

आपण उधळ्या नाही, हे पत्राच्या मागे जोडलेल्या हिशेबावरूनच दिसते. त्या हिशेबात एक आकडा मात्र दुरुस्त करावा लागेल. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांहून अधिक किमतीच्या कपड्यांवर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे "अधिक कर" या दोन शब्दांची किंमत 3,960 रुपये आहे आणि बिब आपल्याला 25,960 रुपयांना पडेल. दुकानातील पँटच्या चिठ्ठीवरची किंमत करासहित आहे. म्हणजे दोहोंतील फरक आपण धरला तसा 13,000 रुपयांचा नसून 16,960 रुपयांचा आहे.

निव्वळ भाड्याशी तुलना केली, तर 9,000 रुपयांची पँट 23 व्या दिवशी, म्हणजे चौथ्या हंगामात वसूल होते, आणि बिब वसूल व्हायला 65 दिवस, म्हणजे अकरावा हंगाम उजाडावा लागतो. या गणिताने पहिली तीन वर्षे तरी भाडेच स्वस्त ठरते, परंतु मी ते सुचवणार नाही. आपल्याच आकड्यांनुसार मुक्काम, प्रशिक्षक आणि गंडोला (डोंगरावर नेणारा रोपवे) धरून गुलमर्गमधील एका दिवसाचा खर्च माणशी 7,000 रुपये येतो, आणि कुडकुडत दुपारीच हॉटेलवर परतावे लागले, तर 400 रुपयांच्या पँटपायी 3,500 रुपये बर्फात जातात. सहलीच्या अंदाजपत्रकात ही वजावट कोणी मांडत नाही. स्वतःची पँट घेण्याला माझा पाठिंबा आहे तो या कारणासाठी.

आता मुद्द्याचा प्रश्न. बिबसाठी जो जादा पैसा मोजायचा, तो नेमका कशासाठी असतो? भुसभुशीत बर्फात उताणे पडल्यावर जॅकेट वर सरकते, आतील कपडे पँटमधून सुटतात आणि कमरेच्या मागच्या बाजूने मूठभर बर्फ आत शिरतो. तो पाठीवर वितळतो आणि पुढचा तासभर थंड पाणी मणक्यावरून ओघळत राहते. बिबचा छातीपर्यंतचा भाग ही वाट बंद करतो, पोट आणि पाठ उबदार ठेवतो आणि कमरेला पट्टा काचत नाही. हे फायदे खरे आहेत, आणि खोल बर्फात उतरणारे मुरलेले स्कीपटू बिबशिवाय बाहेर पडत नाहीत, त्यात काही मिरवण्याचा भाग नाही.

परंतु आपले पत्र पुन्हा वाचावे. आपण भिजलात ते बैठकीला आणि गुडघ्यांना. ती गळती कमरेतून नव्हे, कापडातून होती. शिकाऊ माणूस पडतो, बसतो, गुडघ्यांवर टेकून उठतो, आणि अंगाच्या भाराने बर्फाचे पाणी जीर्ण कापडातून व शिवणींतून आत दाबले जाते. यावरचा उपाय म्हणजे पाण्याला दाद न देणारे कापड आणि आतून पट्टी चिकटवून बंद केलेल्या शिवणी. आपण पाठवलेल्या माहितीप्रमाणे दुकानातील पँटच्या कापडाची जलरोधकता 10,000 मिलिमीटर आहे, म्हणजे चाचणीत ते 10 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते. गुलमर्गच्या कुरणातील सरावाच्या उतारांना एवढे पुरेसे आहे. बिबचा आकडा 20,000 आहे हे मान्य, पण तिला आतून अस्तराची ऊब नाही, त्यामुळे थर्मलचा आणखी एक चांगला थर विकत घ्यावा लागेल, आणि तो खर्च आपल्या तक्त्यात नाही.

बिबच्या बाजूने आपण मांडलेला सर्वांत भक्कम युक्तिवाद जॅकेटचा आहे. ट्रेकिंगच्या जॅकेटला आतून बर्फ अडवणारा पट्टा नसतो, साध्या पँटवर तसे स्कीचे जॅकेटही घ्यावे लागेल, त्याला 14,000 रुपये पडतील, आणि मग 23,000 रुपयांच्या जोडीपुढे बिब फारशी महाग राहत नाही, असे आपण लिहिता. गणित बरोबर आहे, त्यामागचे गृहीतक मात्र मला मान्य नाही. हे जॅकेट घ्यावेच लागेल कधी, तर खोल बर्फात उतरायचे असेल तेव्हा. यंदा गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवत पर्वतावर जाऊन तेथून उतरण्याचा आपला मनसुबा आहे, असे पत्रावरून दिसते. ते ठिकाण सुमारे 3,950 मीटर उंचीवर आहे, तेथे यंत्राने दाबून सपाट केलेले उतार नाहीत आणि हिमस्खलनाचा धोका आहे; 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतच्या उतारावरील हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने तेथे जावे की नाही, हे प्रशिक्षकांनी ठरवायचे आहे, माझे ते काम नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या उतारावर आपण अजून पोहोचलेला नाहीत, त्याच्या पोशाखाचे पैसे आज देऊ नयेत.

"दरवर्षी सहा दिवस" हा आकडाही मी थोडा सैल धरतो. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते, आणि 2025 मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. दहा वर्षांत दोन-तीन हंगाम असे गेले, तर अकराव्या हंगामाची वसुली तेराव्या-चौदाव्यावर जाते.

आणि तोवर कापड टिकायला हवे. जलरोधक कपड्यांच्या आतील पॉलियुरेथेनचा लेप उष्ण, दमट हवेत हळूहळू विघटित होतो. माझे स्वतःचे एक महागडे जॅकेट सहा पावसाळे माळ्यावरच्या बॅगेत घडी घालून पडले होते. ते बाहेर काढले, तेव्हा आतून पांढरे पोपडे गळत होते आणि शिवणींवरच्या पट्ट्या बोटांना चिकट लागत होत्या. बोहारणीनेही ते घेतले नाही. वर्षातले सहा दिवस वापरायची आणि उरलेले 359 दिवस पुण्यात ठेवायची वस्तू वापरापेक्षा साठवणीनेच अधिक झिजते, म्हणून अकरा वर्षांच्या आयुष्यावर आधारलेला कोणताही हिशेब मला पटत नाही.

किरकोळ वाटणारी एक गोष्ट आपण संकोचाने शेवटी लिहिली आहे, पण ती किरकोळ नाही. स्वच्छतागृहात बिब उतरवायची, तर आधी जॅकेट काढावे लागते. काही बिबना बैठकीचा भाग सोडता येईल अशी चेन असते. विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रांत तशी चेन दिसत नाही. शिवाय मागवलेला माल परत घेतला जात नाही, आणि धडाच्या लांबीला बिब आखूड पडली तर पट्टे कितीही सैल केले तरी ती बसत नाही.

विक्रेत्याच्या नऊ महिन्यांच्या "बिनव्याजी" हप्त्यांविषयी थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली आहे; अशा हप्त्यांत व्याज असते, ते सवलतीच्या रूपाने वळते केले जाते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते. बोनस हाती असताना या वाटेला जाण्याचे कारण नाही.

तेव्हा यंदा 9,000 रुपयांची पँट घ्यावी. उरलेले 16,960 रुपये म्युच्युअल फंडात टाकले तर वीस वर्षांनी किती होतील, हा आमच्या व्यवसायातील लाडका तक्ता मी मांडत नाही, कारण ते पैसे हौसेचेच आहेत आणि हौसेवरच खर्च व्हावेत. ते बचत खात्यात वेगळे ठेवावेत आणि पुढील वर्षी मध्यम स्तराचा अभ्यासक्रम करावा. त्याचे 14 दिवस धरले, की एका हंगामात आपला वापर दुपटीहून अधिक होतो. तो पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकांनीच खोल बर्फात नेले आणि पाठीत बर्फ जाऊ लागला, तर बिब जरूर घ्यावी, त्या वेळी माझी हरकत नसेल.

पँट घेताना मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच असलेली आणि गॅलस (खांद्यांवरून जाणारे सुटे पट्टे) लावण्याची सोय असलेली पाहावी. दुकानात आतील थर्मल घालूनच ती चढवावी आणि उकिडवे बसून, पुढे वाकून पाहावे. कमरेमागे दोन बोटे जरी उघडी पडली, तरी ती तेथेच ठेवून पुढचे माप मागावे.