नगरपालिकेकडे डेंग्यूच्या फवारणीला पैसे नाहीत म्हणतात, मग आमची घरपट्टी जाते कुठे?

तुमच्या गल्लीत डेंग्यूचे तीन पेशंट निघाले, फोन केला तर "मशीन बंद आहे, औषधाला निधी नाही" असं ऐकावं लागलं, आणि तुम्ही तर घरपट्टी दरवर्षी वेळेवर भरता. चीड येणारच. मी एका क वर्ग नगरपरिषदेत लेखा विभागात बावीस वर्षं काढलीत (नाव नको, पेन्शनच्या कामाला अजून तिथंच जावं लागतं), म्हणून आतलं सांगतो.

पूर्वी जकात होती, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर. नाक्यावरची रोकड रोज जमा व्हायची, त्यावर गाव चालायचं. १९९९ ला नगरपालिकांची जकात बंद झाली आणि त्याबदल्यात शासनाचं सहायक अनुदान सुरू झालं. त्यात पगार कसेबसे निघतात, ते लांबलं की पगारही लांबतात. बाकी हक्काचं म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असं कायद्यात आहे, पण निवडणूक तोंडावर आली की ती फाईल कोण हलवणार? थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लावली, वाटलं लोक घाबरून भरतील, झालं उलटंच, शास्ती मुद्दलाच्या वर गेली की माणूस निवांत शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट बघत बसतो. वेळेवर भरणारे तुमच्यासारखे थोडेच असतात हो.

आता खात्यात पैसे कमी असले की बिलं कुठल्या क्रमानं निघतात ते बघा. आधी पगार आणि पेन्शन. मग महावितरण, कारण ते लाईन तोडतात. मग घंटागाडीचा ठेकेदार, कारण दोन दिवस गाडी फिरली नाही तर तिसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बायका कचरा आणून टाकतात (आमच्याकडे टाकला होता). टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), अळ्या मारायचं औषध, स्वच्छता निरीक्षकाची रिकामी जागा, नाल्याची दुरुस्ती यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, म्हणून ते पुढच्या महिन्यावर. पुढच्या महिन्यातही तेच. बजेटात मात्र तरतूद दिसते, कारण अंदाजपत्रक शिलकी दाखवायचं असतं, मग उत्पन्न फुगवायचं आणि खर्चही त्या मापानं लिहायचा. मीच लिहायचो, खोटं कशाला बोलू.

आणि तुमचा डेंग्यू फवारणीच्या निधीवरून सुरूच होत नाही, तो पाण्याच्या मोटारीच्या वीजबिलावरून सुरू होतो. बिल थकलं की पंप कमी तास चालतो, गावाला चौथ्या पाचव्या दिवशी पाणी येतं, लोक पिंप, हौद, हंडे भरून ठेवतात आणि डेंग्यूचा डास नेमका त्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, गटारात नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा सांगतात, पण ज्याला पाचव्या दिवशी पाणी मिळतं तो भरलेलं पिंप ओतून देईल का, तुम्हीच सांगा. आमच्याकडे आरोग्याचा खर्च वेगळ्या लेखाशीर्षात, पाण्याचा वेगळ्या, दोन टेबलांचं एकमेकांशी बोलणं नाही.

इचलकरंजीचं उदाहरण घ्या. २०१२ ला तिथं काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसंही गेली. कावीळ पाण्यातून आलेली. तेव्हा तिथं नगरपालिकाच होती, महापालिका २०२२ ला झाली. आणि त्याच नगरपालिकेला स्वतःचं आयजीएम हॉस्पिटल चालवणं झेपेना म्हणून पुढे ते राज्य शासनाच्या ताब्यात द्यावं लागलं. कापडाचा एवढा धंदा असलेल्या गावाची ही गत, तर आमच्यासारख्यांचं काय! पुण्यात जानेवारी २०२५ ला जीबीएसची (गुलेन बारी सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तीही सिंहगड रोडला नांदेड गाव, किरकटवाडी भागात जास्त, म्हणजे गावं महापालिकेत घेतली आणि शुद्धीकरण केंद्र पोचायचंच राहिलं, विहिरीच्या पाण्यात नुसतं क्लोरीन.

वित्त आयोगाचे पैसे येतात की, असं कुणीतरी म्हणेलच. पंधराव्या आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीत ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे. चांगलंच आहे, पण त्यातून पगार करता येत नाही, त्यामुळे नवी पाईपलाईन होते आणि तिचा व्हॉल्व्ह सोडायला माणूस नसतो.

तर आत्ता काय करायचं? नुसत्या धुराच्या गाडीसाठी भांडू नका. ती आली की लोकांना बरं वाटतं, नगरसेवकाचा फोटो निघतो, पण धुरानं उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. तुमच्या वॉर्डात घरोघरी भांडी तपासायला माणसं पाठवा असा लेखी अर्ज द्या, पेशंट असलेल्या घरापासून सुरुवात करायला सांगा, आणि पाणी किती दिवसांनी येतं तेही त्याच अर्जात लिहा. सोबत माहिती अधिकारात मागच्या तीन वर्षांची कीटकनाशकं आणि टीसीएलवरची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, दोन्ही मागा. तरतूद एकटी मागितली तर छान आकडा देतील. माझ्या बावीस वर्षांत प्रत्यक्ष खर्च विचारायला एकदाच एकजण आला होता, तोही औषधाचा ठेकेदार, स्वतःचं बिल कुठं अडकलंय बघायला.