गच्चीवरची भाजी आणि ४२,००० रुपयांचा हिशोब

सस्नेह नमस्कार ताई,

पुण्यातील धायरीच्या आपल्या रो-हाउसच्या गच्चीवर भाजीपाला लावण्याविषयीचे पत्र मिळाले. घरात सहा माणसे, भाजीवर महिन्याला सरासरी ३,२०० रुपये खर्च, गच्चीवर १५० चौरस फूट उन्हाची जागा, आणि बाग उभारून देणाऱ्या व्यावसायिकाने रोपे लावायच्या ४० पिशव्या, लोखंडी स्टँड, ठिबक व शेडनेट (सावलीची जाळी) धरून दिलेले ४२,००० रुपयांचे अंदाजपत्रक, अशी आपली स्थिती आहे. दीड वर्षात पैसे वसूल होतील, असे आपल्याला सांगण्यात आले आहे. त्यासाठी मुलीच्या जूनमधील फीकरिता चालू असलेली आवर्ती ठेव मोडावी का, हा आपला प्रश्न आहे. ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाग अवश्य करावी, पण ती ४,००० रुपयांत बसेल एवढीच.

दीड वर्षात ४२,००० रुपये वसूल व्हायचे, तर महिन्याला २,३०० रुपयांहून अधिक वाचले पाहिजेत. आपण पाठवलेल्या तीन महिन्यांच्या टिपणात सुमारे १,५०० रुपये कांदे, बटाटे, लसूण, आले, फ्लॉवर, कोबी, मटार आणि गाजरावर गेलेले दिसतात. हा माल गच्चीवर परवडत नाही. फ्लॉवरचे एक रोप तीन महिने पिशवी अडवते आणि एकच गड्डा देते. उरलेल्या १,७०० पैकी १,००० रुपये टोमॅटो, वांगी, भेंडी, गवार, दोडका यांचे आणि ७०० रुपये पालेभाज्या, कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, पुदिना यांचे आहेत. म्हणजे या दोन्ही गटांतील काडी न् काडी बारा महिने घरी पिकली, तरीही सांगितलेला आकडा गाठता येणार नाही.

ती तशी पिकतही नाही. पुण्याच्या हवेत गच्चीवरचे खरे उत्पन्न आठ महिन्यांचे धरावे. पालेभाज्या व मसाल्याच्या हिरवाईपैकी दोन तृतीयांश आणि फळभाज्यांपैकी एक तृतीयांश गरज घरी भागली, तर वर्षाला सुमारे ६,४०० रुपयांची भाजी होते. त्यातून बियाणे, रोपे, शेणखत, निंबोळी पेंड व फवारणीचे २,३०० रुपये वजा करावेत. हाती राहतात ४,१०० रुपये. उन्हापावसात पिशव्या व शेडनेट दोन-तीन वर्षांत विरतात, स्टँड अधिक टिकतो; सरासरी पाच वर्षांचे आयुष्य धरले, तर दरवर्षी ८,४०० रुपयांची झीज होते. शिवाय ४२,००० रुपयांवर ७ टक्क्यांनी मिळू शकणारे २,९४० रुपयांचे व्याज बुडते. थोडक्यात, दरवर्षी ७,००० रुपयांहून अधिक पदरमोड होते.

भाज्या कडाडतात तेव्हा बाग कामी येईल, असे आपण लिहिले आहे. हा विचार मला फार जणांकडून ऐकू येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ज्या हवामानामुळे मंडईतील आवक घटते, तेच हवामान आपल्या गच्चीवरही असते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो १०० रुपये किलोच्या वर गेले होते. त्या महिन्यात घरचे टोमॅटो तोडायचे, तर रोपे एप्रिलअखेर लावून मे महिन्याच्या उन्हातून जगवावी लागली असती, आणि पारा पस्तिशीच्या पुढे गेला की टोमॅटोची फुले गळू लागतात. भाव पाहून जुलैत रोपे लावणाऱ्यांचे टोमॅटो पिकले, तेव्हा भाव कोसळून शेतकऱ्यांवर माल फेकून देण्याची वेळ आली होती. हिवाळ्यात आपल्या पिशव्या भरभरून देतील, पण त्याच दिवसांत मंडईत मेथी-पालक सर्वांत स्वस्त असतात.

एक धोका अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. ४० लिटरची पिशवी निव्वळ मातीने भरून भिजली की ६० किलोच्या पुढे जाते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळल्याने वजन घटते, तरी अशा ४० पिशव्यांचा भार आणि रोजची ओल स्लॅबवरच येते. वॉटरप्रूफिंग एकदा बिघडले, तर दुरुस्तीचे बिल बागेची कित्येक वर्षांची कमाई गिळून टाकते.

आता छोट्या बागेकडे येतो. कोथिंबिरीची जुडी आपण आठवड्यातून दोनदा घेता. त्यातली चार काड्या पोह्यांवर जातात, थोडी वाटणात, आणि उरलेली फ्रीजमध्ये ओल्या फडक्यात काळी पडते. आपल्या टिपणातच दोन ठिकाणी "कोथिंबीर टाकली" अशी नोंद आहे. घरी धने रगडून पेरले की महिना-सव्वा महिन्यात हवी तेवढीच खुडता येते, आणि खरी बचत इथेच आहे. रंगाचे रिकामे डबे, फळांचे क्रेट आणि स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत वापरून मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, मिरची व कढीपत्ता लावल्यास वर्षाला साधारण ३,७०० रुपयांची हिरवाई मिळेल. सर्व खर्च, झीज आणि बुडालेले व्याज वजा करून ९०० रुपये उरतील. ही रक्कम लहान आहे, पण ती खरी आहे. शिवाय उरलेल्या ३८,००० रुपयांवर वर्षाला २,६०० रुपयांहून अधिक व्याज चालू राहील आणि फीचे पैसे जूनमध्ये जागेवर असतील.

आपल्या सासऱ्यांना या कामाची आवड आहे, असे आपण लिहिले आहे. म्हणूनच मी मजुरी धरलेली नाही. आठवड्यातून एकदा माळी बोलावून प्रत्येक खेपेला १५० रुपये द्यावे लागले, तर वर्षाचे ७,८०० रुपये होतात, म्हणजे मोठ्या बागेतील एकूण भाजीपेक्षाही जास्त. तेव्हा त्यांना रोज सकाळी जिना चढणे झेपेल का, हे आधी त्यांच्याशीच बोलून ठरवावे.

नवरात्रानंतर पाऊस ओसरला की दहा-बारा डब्यांपासून सुरुवात करावी. जे खुडाल, ते त्या दिवशीच्या मंडईच्या भावाने टिपणवहीत लिहीत जावे आणि बियाण्याची पुडीही खर्चाच्या बाजूला लिहावी. होळीपर्यंतच्या नोंदी मला पाठवाव्यात. डबे वाढवायचे की आहेत तेवढेच ठेवायचे, ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.