आय-कॅचिंग, स्ट्रायकिंग, गॉडी : तिन्ही एकच का?

प्रश्न : लक्ष वेधून घेणाऱ्या वस्तूंसाठी इंग्रजीत कोणकोणती विशेषणं आहेत? आय-कॅचिंग, स्ट्रायकिंग, गॉडी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतात का?

उत्तर : नाही चालत. समानार्थी शब्दांच्या यादीत शेजारी छापले म्हणून ते सख्खे भाऊ होत नाहीत. आपल्याकडे 'डोळ्यात भरणं' आणि 'डोळ्यात खुपणं' यात जेवढं अंतर आहे, तेवढंच स्ट्रायकिंग (मनावर ठसणारं) आणि गॉडी (भडक, बटबटीत) यांच्यात आहे. वस्तू तीच असते. बघणाऱ्याला ती भावली की खटकली, ते शब्दावरून कळतं.

मी हे लाल शाईतून शिकले. 2003 साल, कोल्हापुरातलंच एक कॉलेज, एफ. वाय.चा वर्ग. इंग्रजीच्या सरांनी निबंध दिला, न विसरता येणारं दृश्य. निम्म्या वर्गाने पन्हाळ्यावरचा सूर्यास्त लिहिला, काहींनी गोव्याचा समुद्र. मी जोतिबाची चैत्री यात्रा लिहिली. आमच्या गावची सासनकाठी असते आणि वडील दरवर्षी तिची दोरी धरायला जायचे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. घराच्याही वर जाईल असा उंच बांबू, अंगभर रंगीत कापड, फुलांच्या माळा. एक गडी ती काठी पेलून नाचवतो आणि बाकीचे चहूबाजूंनी दोऱ्या ताणून तोल सांभाळतात. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर अशा काठ्या एकामागून एक येत राहतात. चांगभलंचा गजर, वरून गुलाल-खोबऱ्याची उधळण, हवेत दवण्याचा वास. देवळाचा दगड, पायऱ्या, माणसं, सगळं गुलाबी. वडिलांच्या कानामागचा गुलाल चार आंघोळी झाल्या तरी निघायचा नाही. तळहातावर दोरीचा वळ उठलेला असायचा, आई त्यावर खोबरेल चोळायची. तो वळही मी निबंधात घातला होता.

काठीला विशेषण शोधायला मी करवीर नगर वाचन मंदिरात अख्खी दुपार शब्दकोश घेऊन बसले. आय-कॅचिंग सापडला, पण तो मला जाहिरातीतला वाटला. मग स्ट्रायकिंग दिसला. स्ट्राइक म्हणजे तडाखा. वळणावरून काठी एकदम समोर येते तेव्हा छातीत तसंच होतं. शब्द सापडला म्हणून मी घरापर्यंत चालत गेले, इतकी खूश होते.

पेपर परत आला तेव्हा स्ट्रायकिंगवर आडवी रेघ होती. वर बारीक, सुबक अक्षरात 'गॉडी', आणि त्याखाली दोन रेघा.

तास संपल्यावर मी विचारलं. सर म्हणाले, "अगं, इतके रंग, इतकी झालर. याला इंग्रजीत गॉडीच म्हणतात. स्ट्रायकिंग म्हणजे ताजमहाल." मला उत्तर सुचलं नाही. घरी वडिलांनी विचारलं, "आपल्या काठीचं लिवलेलं मास्तरास्नी आवडलं न्हवं?" मी "व्हय" म्हटलं. बावीस-तेवीस वर्षं होत आली, ते 'व्हय' अजून सलतं.

त्या वर्गाच्या खिडकीबाहेर गुलमोहर होता. मे महिन्यात पान दिसत नाही इतका लालभडक होतो. हे मूळचं मादागास्करचं झाड, आणि इंग्रजीत त्याचं नावच मुळी फ्लॅम्बॉयंट. शब्द फ्रेंचमधून आलाय, अर्थ ज्वाळांसारखा भडकलेला. फ्रान्समधल्या पंधराव्या शतकातल्या चर्चच्या खिडक्यांना ज्वाळेसारख्या वळणांची दगडी जाळी असते, त्या शैलीलाही फ्लॅम्बॉयंटच म्हणतात, तेही कौतुकाने. म्हणजे रंग आणि नक्षी ओसंडून वाहिली तर इंग्रजीत त्याला निंदेचाच शब्द लागतो, असं नाही. सरांनी काठीला गॉडी म्हटलं ते इंग्रजीच्या नियमाने नव्हे. त्यांना ती यात्राच गावंढळ वाटत होती. हे तेव्हा सुचायला हवं होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी गेली काही वर्षं गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, दागिन्यांची इंग्रजी वर्णनं लिहिते, त्यामुळे हे शब्द रोज हाताखालून जातात. आय-कॅचिंग निरुपद्रवी आहे, दुकानाची पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, कशालाही बसतो. अरेस्टिंग त्याहून जोरकस, चालत्या माणसाची पावलं थांबवणारा. शोई, फ्लॅशी, ऑस्टेन्टेशस यांत दिखाऊपणाचा आरोप आहे. लाउड मुळात आवाजाचा शब्द, पण रंगाला लावला की भडक. गॅरिश म्हणजे डोळ्यांना त्रास होईल इतका भडक. कॉन्स्पिक्युअस म्हणजे सहज नजरेस पडणारा. त्यात एरवी निंदा नाही, पण व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाने 1899 मध्ये श्रीमंतांच्या मिरवण्याच्या खर्चाला हाच शब्द लावला आणि तेव्हापासून त्याला पैशाचा वास येतो. चुकीसाठी ग्लेअरिंग वापरतात.

एग्रीजियसची गोष्ट तर बघाच. लॅटिनमध्ये कळपातून उठून दिसणारा असा त्याचा अर्थ. इंग्रजीतही तो आधी थोर, नामांकित अशा अर्थाने यायचा. आज तो फक्त ढळढळीत चुकीला किंवा अन्यायाला लावतात. शब्द तोच राहिला, त्यामागची नजर फिरली.

गेल्या वर्षी एका साजाचं वर्णन लिहायचं होतं. कोल्हापुरी साज म्हणजे गळ्यातला हार, त्याला 21 पानं, म्हणजे छोटी पदकं. मासा, कासव, नरसिंह असे अवतार, प्रत्येक पान बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि प्रत्येकावर वेगळं काम. मालकांच्या पुण्याच्या भाच्याने आधीच शोई लिहून पाठवलं होतं. मी त्याला फोन केला आणि म्हटलं, बाबा, एक पान भिंगाखाली धरून बघ आणि मग सांग यात दिखावा कुठाय. त्याने शब्द बदलला. दुकानाच्या माहितीत आता स्ट्रायकिंग आहे.

एक सांगायला हवं. गॉडी हा शब्द वाईट नाही. जत्रेतल्या प्लास्टिकच्या फुलांना, रंग उडणाऱ्या चमकीच्या बांगड्यांना तो चपखल बसतो, आणि काही लेखक तो मायेनेही वापरतात. शिवाय त्या निबंधाला सरांनी वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले होते, तेही लिहिलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. बाकीचं व्याकरण त्यांनी तपासलं ते बरोबरच होतं. तो एक शब्द चुकला.

तुमची वस्तू कोणती, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. रंगामुळे लक्ष जातं, आकारामुळे की कारागिरीमुळे, एवढं कळवलंत तरी नेमका शब्द सुचवता येईल.