नवीन साउंड कार्ड लावलं, मागून आवाज येतो पण कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन जॅकमधून येत नाही, काय करू?

पुढच्या जॅकची केबल अजून मदरबोर्डलाच लागलेली असणार, ती काढून नवीन कार्डावर लावा. मी पीसी असेम्बल करतो, ही तक्रार सारखी येते. केबलच्या टोकाला एचडी ऑडिओ लिहिलेलं छोटं कनेक्टर असतं, 10 भोकं, त्यातलं एक बुजवलेलं, आणि ते ऑनबोर्ड साउंडला (मदरबोर्डमध्येच असलेल्या साउंडला) जातं म्हणून कार्ड कितीही भारी घेतलं तरी त्याचा आवाज पुढे पोचतच नाही. पॉवर केबल काढूनच हात घाला, आणि जोर लावू नका हं, बुजलेलं भोक जिथे पिन नाही तिथेच बसवा, नाहीतर पिना वाकतात. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये नवीन कार्ड डिफॉल्ट करा. फक्त काही स्वस्त कार्डांवर ही 9 पिनांची जागाच नसते, तसं असेल तर हेडफोन मागेच लावावा लागेल.