‘मठारलेली नाणी’ की ‘हातठशाची नाणी’?

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या चांदीच्या नाण्यांविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना ‘हॅमर्ड’ या विशेषणासाठी ‘मठारलेली’ हा शब्द चालेल का, अशी पृच्छा एका अनुवादकाने केली आहे. शब्द देखणा आहे, परंतु येथे तो चुकीचे चित्र उभे करतो. तांबट हंडा मठारतो तेव्हा प्रत्येक ठोका थेट धातूवर बसतो आणि त्याची खूण भांड्यावर राहते. नाणे पाडताना मात्र हातोडा चांदीला लागतही नाही. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात रोवलेला, त्यावर चांदीची चकती, चकतीवर हातात धरलेला वरचा ठसा, आणि घाव पडतो तो या वरच्या ठशाच्या माथ्यावर. ठसा जरा सरकला की राणीचा चेहरा एका अंगाला जातो आणि कडेची काही अक्षरे चकतीबाहेर राहतात. ‘ठोकीव’ या शब्दाचीही हीच अडचण आहे.

क्रियापद ‘पाडणे’ हेच ठेवावे. ते जिलब्यांनाही लागते म्हणून कोणी नाक मुरडू नये. टांकसाळीत नाणी पाडलीच जातात. विशेषणासाठी हातमाग आणि यंत्रमाग ही जोडी समोर ठेवून ‘हातठशाची’ आणि ‘यंत्रठशाची’ असे शब्द मी सुचवीन.

यातील दुसरा शब्द ‘मिल्ड’साठी, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी आहे, कारण ‘गिरणीतली नाणी’ म्हटले की वाचकाला पीठच आठवेल. मेस्ट्रेल नावाच्या फ्रेंच कारागिराने 1561 पासून सुमारे दहा वर्षे लंडनच्या टॉवरमधील टांकसाळीत यंत्रावर नाणी पाडली, पण हाताने नाणी पाडणाऱ्यांच्या विरोधापुढे त्याचे काम टिकले नाही. पुढे खोटी नाणी पाडल्याबद्दल 1578 मध्ये त्याला फाशी झाली. यंत्र कायमचे आले ते दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, 1662 मध्ये.

‘क्लिप्ड’साठी, म्हणजे कडेची चांदी चोरून कापून घेतलेल्या नाण्यांसाठी, अनुवादकाने योजलेला ‘कातरलेली’ हा शब्द मात्र अचूक आहे. हातठशाच्या नाण्याची कड मुळातच ओबडधोबड असल्यामुळे तिच्यातून कातरलेली चांदी सहजी लक्षात येत नसे. यंत्रठशाच्या ‘क्राउन’ या मोठ्या रौप्यनाण्याच्या कडेवर म्हणूनच ‘भूषण आणि रक्षण’ या अर्थाचे लॅटिन शब्द उठवले गेले. त्या कडेला ‘दातेरी’ न म्हणता ‘अक्षरांकित’ म्हणावे.