फिदायीन आणि मानवी बॉम्ब एकच का?

प्रश्न : २६/११ला फिदायीन हल्ला म्हणतात, राजीव गांधींच्या हत्येत मानवी बॉम्ब होता म्हणतात. दोन्ही एकच का? आणि लोकलमधले स्फोट? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : एकच नव्हेत. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरमध्ये एलटीटीईची हल्लेखोर धनू राजीव गांधींच्या पाया पडायला वाकली आणि अंगावरच्या पट्ट्याचा स्फोट झाला. ती मेल्याशिवाय तो हल्ला होऊच शकत नव्हता. फिदायीन मरायच्या तयारीने येतो, पण मरेपर्यंत गोळ्या झाडत राहतो. म्हणूनच तो जिवंत सापडू शकतो. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या लागूनही रायफल सोडली नाही, त्यामुळे कसाब हाती लागला. ११ जुलै २००६चे लोकलमधले स्फोट या दोन्हींत बसत नाहीत. तिथे बॉम्ब ठेवून माणसे निघून गेली होती.

आत्मघाती हल्ल्यात पळून जायची वाटच आखावी लागत नाही, खरा धोका तिथे आहे. लेबनॉनची राजधानी बैरूतमध्ये २३ ऑक्टोबर १९८३ला स्फोटकांनी भरलेल्या एका ट्रकने २४१ अमेरिकी सैनिक मारले. काही महिन्यांतच अमेरिकेने तिथून फौज काढली. इतर दहशतवादी संघटनांनी हा परिणाम नेमका हेरला.

ठाणे स्टेशनच्या गर्दीत रोज असणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे : स्फोटानंतर जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा, बघायला मध्येच उचलू नका. कापड भिजले तर वर दुसरे ठेवा. रुतलेला तुकडा ओढू नका, त्याच्या कडेने दाबा. जखम न दिसणाऱ्यालाही दवाखान्यात न्या. स्फोटाच्या हवेच्या धक्क्याने (दाबलाटेने) फुप्फुसाला झालेली इजा कधी काही तासांनी कळते.