अनोळखी कोडमध्ये वाट कशी काढावी?

प्रश्न : अंधेरीतील एका कंपनीत नुकताच रुजू झालो असून हजारो फायलींचा जुना कोड समोर आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, दादर

उत्तर : पहिल्या फायलीपासून वाचत बसू नका. एखादी लहानशी त्रुटी हाती घ्या. पडद्यावर दिसणारा तिचा संदेश, उदाहरणार्थ ‘रक्कम अवैध आहे’, संपूर्ण कोडमध्ये शोधा आणि जेथे तो सापडेल तेथे ब्रेकपॉइंट (प्रोग्राम त्या ओळीवर थांबवणारी खूण) लावून, कोणते फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) कोठून बोलावले गेले हे कॉल स्टॅकमध्ये, म्हणजे त्या क्षणी एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांच्या यादीत, पाहा. एखादी ओळ विचित्र वाटली, तर ती पुसण्याआधी ‘गिट ब्लेम’ ही, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ची आज्ञा अवश्य चालवा, कारण ती ओळ शेवटी कोणी आणि केव्हा बदलली हे त्यातून कळते आणि त्या कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात पुष्कळदा कारणही सापडते. कोड अपेक्षेप्रमाणे चालतो का हे तपासणाऱ्या, नियमित चालणाऱ्या टेस्ट मला लेखी दस्तऐवजांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात. त्या आधी वाचा.